बीड नाचतेय आणि होल्मियम सरकलंय

मागच्या अंकात स्पेक्ट्रोफोटोमीटरला अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियम दिव्याच्या आयुष्याबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि दिव्याबद्दल एकही पत्र आलं नाही. आली ती बहुतेक मशीन तपासायच्या होल्मियम आणि डायक्रोमेटबद्दल, नाहीतर द्रव ढवळणाऱ्या मॅग्नेटिक बीडबद्दल. बरंच झालं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमधून मी २८ वर्षं स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) उघडत-जोडत हिंडलो. आधी ठाणे स्टेशनबाहेरून बसला लोंबकळत, २००४ नंतर ट्रान्स-हार्बरच्या लोकलने. ‘मशीन बिघडलंय’ म्हणून फोन यायचा, मी धावत जायचो, आणि निम्म्याहून जास्त वेळा मशीन ठणठणीत असायचं. दुखणं असायचं क्युवेटच्या (सॅम्पल ठेवायच्या चौकोनी पारदर्शक भांड्याच्या) आत, नाहीतर फाइलीतल्या कागदात. या वेळची पत्रंही त्याच जातीची आहेत.

आमच्या एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) होल्मियमचं शिखर, म्हणजे शोषण आसपासपेक्षा जास्त असतं ती जागा, ४५१.४ नॅनोमीटरला यायला हवं असं लिहिलंय. नवा फिल्टर आणला, तर ते ४५३.३ ला येतंय. ५३६ च्या जवळचं मात्र ५३६.४ ला, म्हणजे जवळजवळ बरोबर. मॅनेजर म्हणतात मशीनवर लाल लेबल लावा. सर्व्हिसवाले मोनोक्रोमेटर (प्रकाशातून एकेक तरंगलांबी निवडणारा भाग) बदलावा लागेल म्हणतात आणि त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून अकाउंट्सवाले बोलेनासे झालेत. ऑडिट १५ दिवसांवर आहे. काय करू?
— क्यूसी केमिस्ट, घणसोली

लेबल लावायच्या आधी फिल्टर डब्यातून काढा, कडांना धरा आणि खिडकीशी नेऊन आडवा करा. आत बुडबुडा फिरतोय का, पाणसळीत फिरतो तसा? फिरत असेल तर तुमच्या हातात होल्मियम ऑक्साइडचं परक्लोरिक आम्लातलं द्रावण आहे, क्वार्ट्झच्या क्युवेटमध्ये कायमचं सील केलेलं. काहीच हलत नसेल तर ती होल्मियम घातलेली काच आहे. तुमचे आकडे वाचून मी आत्ताच पैज लावतो, की ती काच आहे.

द्रावणाची शिखरं वेगळी आणि काचेची वेगळी. ४ टक्के होल्मियम ऑक्साइड १० टक्के परक्लोरिक आम्लात विरघळवला की २४१.१, २८७.२, ३६१.३, ४५१.४, ५३६.६ अशी शिखरं मिळतात. काचेत ४५१ ला काही नसतं. तिथे ४४६, ४५३ आणि ४६० च्या आसपास तीन भावंडं शेजारीशेजारी उभी असतात. तुमच्या आलेखात ४४६ ला शिखर दिसतंय का, ते बघा. दिसलं तर प्रश्न मिटला: फिल्टर काचेचा आणला आणि एसओपी द्रावणाची आहे. ५३६ च्या जागी दोघांची शिखरं जवळजवळ एकावर एक पडतात, म्हणून तुमचा तो आकडा बरोबर आला आणि तुमचा गोंधळ वाढला.

असं का होतं? होल्मियमची ही टोकदार शिखरं त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे येतात. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी त्यांना पांघरुणात घेतलेलं असतं, म्हणून शिखरं बारीक राहतात, आणि म्हणूनच तर हा धातू मोजपट्टी म्हणून निवडला. पण पांघरूण पातळ आहे. शेजारी पाणी असलं तर एक थंडी, काच असली तर दुसरी. तेवढ्याने शिखर एखाद-दोन नॅनोमीटर हलतं. (होल्मिया हे स्टॉकहोमचं लॅटिन नाव, त्यावरून होल्मियम. ऑक्साइडची भुकटी उन्हात पिवळसर दिसते आणि काही ट्यूबलाइटखाली गुलाबी-नारिंगी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणी बाटलीच बदलली.)

हसू नका, सांगतो: हीच चूक मी केली आहे, आणि तुमच्यापेक्षा मोठी. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. तुर्भ्याच्या एका लहान लॅबमध्ये काचेच्या फिल्टरने तपासलं, कागद द्रावणाचा वाचला, ‘दोन नॅनोमीटर सरकलंय’ असं ठरवलं आणि सेटिंग दोन नॅनोमीटरने फिरवून आलो. लॉगबुकात झोकात सही केली. दुसऱ्या दिवशी फोन: पॅरासिटामॉलची प्रत्येक बॅच कमी भरतेय. भरणारच! ती मोजायची २५७ ला, शिखराच्या माथ्यावर. मी त्यांना माथ्यावरून ढकलून उतारावर उभं केलं होतं. तिसऱ्या दिवशी परत जाऊन सगळं पूर्ववत केलं. तिथल्या वयस्कर केमिस्टबाईंनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, “दिव्याला विचारलं होतंत का?”

त्या विचारायला सांगत होत्या ते असं. तुमच्या मशीनमधल्या ड्युटेरियम दिव्याच्या प्रकाशात दोन रेषा निसर्गाने कोरून ठेवल्यात, ४८६.० आणि ६५६.१ नॅनोमीटरला. क्युवेटची जागा रिकामी ठेवा, मशीन एनर्जी मोडवर (दिव्याचा प्रकाशच थेट मोजणाऱ्या सेटिंगवर) टाका, स्लिट (प्रकाश जाण्याची फट) बारीक करा आणि या दोन रेषा कुठे येतात ते बघा. त्यांना फिल्टर लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही. त्या जागच्या जागी असतील तर मोनोक्रोमेटरला हात लावू देऊ नका.

मग फिल्टरचं सर्टिफिकेट काढा. त्यात शिखरांचे आकडे स्लिटच्या रुंदीप्रमाणे दिलेले असतील. स्लिट बदलला की शिखराचा माथाही थोडा कलतो, म्हणून १ नॅनोमीटरच्या रकान्यातला आकडा २ च्या स्लिटला वापरायचा नाही. एसओपीत ‘होल्मियम फिल्टर’ एवढंच मोघम लिहू नका. काच की द्रावण, सर्टिफिकेट क्रमांक, स्लिट, हे तिन्ही लिहा आणि बदलाची रीतसर नोंद ठेवा. ऑडिटरला चूक सापडली तर तो रागावत नाही. चूक सापडूनही नोंद सापडली नाही तर रागावतो.

सर, मी ऐरोलीहून. माझं काम एन्झाइमवर आहे. एनएडीएच (एन्झाइमच्या कामात लागणारा सहायक रेणू) ३४० नॅनोमीटरला बघते. क्युवेटमध्ये मॅग्नेटिक बीड टाकली की आलेख करवतीच्या पात्यासारखा येतो. बीड बंद केली तर एन्झाइम नीट मिसळत नाही आणि पहिला अर्धा मिनिट वाया जातो. गाइड म्हणतात स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करायची सोय) लाव. क्युवेट साधी १० मिलिमीटरची, एकूण द्रव दीड मिली, बीड ६ मिलिमीटरची.
— पीएचडीची विद्यार्थिनी

तुला ‘तू’ म्हणतो, माझ्या धाकटीच्या वयाची असशील. आधी गाइडसरांची क्षमा मागून सांगतो: स्मूदिंग लावू नकोस. एनएडीएचचा मोलर ॲब्सॉर्बन्स (१ मोलर द्रावणाचा १ सेंटिमीटर थर प्रकाश किती शोषतो तो आकडा) ३४० ला ६,२२० आहे. म्हणजे करवतीचा एक दात ०.०१ चा असला, तरी तो दीड मायक्रोमोलरहून जास्त एनएडीएच खोटाच दाखवतो. पहिल्या मिनिटात तुझं एन्झाइम जेवढं काम करतं, कदाचित त्याहून जास्त. करवत झाकायची नाही, कुठून येते ते शोधायचं.

आणि उत्तर तुझ्या पत्रातच आहे. क्युवेटचा आतला तळ १० बाय १० मिलिमीटर, म्हणजे १ मिली द्रव बरोबर १० मिलिमीटर उंच चढतो. तुझा दीड मिली १५ मिलिमीटरवर थांबतो. आता प्रकाशाचा झोत क्युवेटच्या तळापासून किती उंचीवरून जातो? मशीन बनवणाऱ्यावर अवलंबून ते ८.५, १५ किंवा २० मिलिमीटर असतं. तुझ्या मशीनचा झोत १५ वर असला, तर तो पाण्याच्या अगदी पृष्ठभागातून चाललाय, आणि बीड फिरली की त्या पृष्ठभागाला भोवरा पडतो. तू एन्झाइम मोजत नाहीयेस, भोवरा मोजतेयस.

अंदाजावर जाऊ नकोस, डोळ्यांनी बघ. जुन्या पोस्टकार्डाची ९ मिलिमीटर रुंद पट्टी काप, कोरड्या क्युवेटमध्ये उभी घाल, तिचं तोंड झोताकडे कर. मशीन ५५० नॅनोमीटरवर लाव. तो हिरवा रंग डोळ्यांना सगळ्यात सुखाचा आणि तिथे प्रकाश टंगस्टन दिव्याचा असतो. (३४० वर ठेवून डोकावू नकोस. ड्युटेरियम दिव्याकडे बघणं म्हणजे डोळ्यांशी वैर.) खोलीतले दिवे घालव, झाकण उघड. पट्टीवर हिरवा ठिपका दिसेल, बहुधा उभट, दाण्याएवढा. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पेन्सिलीने रेघ मार. पट्टी बाहेर काढून फुटपट्टीने मोज आणि ती पट्टी मशीनच्या अंगाला सेलोटेपने चिकटवून टाक. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे ती अजून चिकटलेली आहे; पिवळी पडलीय, पण नवीन पोरं आली की आधी तिच्याकडे बोट दाखवतात.

ठिपका १५ च्या आसपास निघाला तर द्रव अडीच ते ३ मिली कर. पृष्ठभाग झोताच्या बराच वर जाईल आणि भोवरा वरच्यावर राहील. एन्झाइम महाग आहे, तेवढं परवडत नाही असं म्हणशील. मग कमी द्रवाची, तळाशी बीडसाठी वेगळी खोलगट जागा असलेली क्युवेट मिळते, ती माग. पण तिचं झोताचं माप तुझ्या मशीनच्या मापाशी जुळतं का ते मागवण्याआधी बघ. ८.५ ची क्युवेट १५ च्या मशीनमध्ये घालणं म्हणजे खिडकी एका मजल्यावर आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर.

ठिपका ८.५ वर निघाला तर संशय उलट दिशेला. द्रव पुरेसा आहे, पण बीड झोताच्या पायाशी नाचतेय. ६ मिलिमीटरची दांडीसारखी बीड चौकोनी तळावर कोपऱ्याला आपटते, उडी मारते, कधीकधी उभी राहते आणि दर फेरीला झोतात डोकं घालते. अशा वेळी चपटी, चांदणीच्या किंवा अधिक चिन्हाच्या आकाराची बीड बरी. ती मधोमध बसते आणि जागच्या जागी गरगरते. वेग एकदम वाढवू नकोस. खालचं चुंबक पुढे पळालं की बीड त्याचा हात सोडते आणि जागेवर थरथरत बसते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, फिरतेय जोरात. फिरत काही नसतं.

वेग किती ठेवायचा? तेही मोजून ठरव. क्युवेटमध्ये नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घे, बीड चालू कर, ब्रोमोफिनॉल ब्लू या रंगाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब पिपेटने सोड आणि ५९० ला बघ. ॲब्सॉर्बन्स चढून सपाट व्हायला किती सेकंद लागले? वेग थोडा वाढवून पुन्हा. एका वेगानंतर सेकंद कमी होत नाहीत, फक्त फेस वाढतो. त्या वेगावर थांब. प्रोटीनला फेस मानवत नाही. जास्त घुसळलं की काही एन्झाइमं काम सोडून देतात.

एक राहिलं. बफर फ्रिजमधून काढून थेट ३७ अंशांच्या होल्डरमध्ये घालतेस का? तसं असेल तर विरघळलेली हवा बारीक बुडबुडे होऊन काचेला चिकटते, बीड ते सोडवते आणि ते झोतातून वर जातात. तीही करवतच, पण वेडीवाकडी. बफर आधी बाहेर कोमट होऊ दे.

हे सगळं जमलं नाही तर साधा उपाय: टोकाशी चपटी असलेली प्लास्टिकची बारीक काडी मिळते. एन्झाइमचा थेंब त्या चपट टोकावर ठेवायचा, काडी क्युवेटमध्ये दोनदा वर-खाली करायची, काढायची, झाकण बंद. सराव झाला की ४-५ सेकंदांत होतं. आम्ही तसंच करायचो, बीडवाले होल्डर तेव्हा कुणाकडे होते?

पावसाळा सुरू झाला की आमच्या पेल्टियर होल्डरमध्ये (क्युवेट थंड-गरम ठेवणाऱ्या विजेवरच्या ठोकळ्यात) १५ अंशांवर ठेवलेल्या सॅम्पलचा ॲब्सॉर्बन्स आपोआप वर चढत जातो. उन्हाळ्यात असं होत नाही. दिवा बदलून झाला.
— कोपरखैरणे

दिव्याचे पैसे गेले, त्याला इलाज नाही. मशीन ७०० नॅनोमीटरवर लावा, जिथे तुमचं सॅम्पल काहीच शोषत नाही. तिथेही आकडा चढत असेल तर ते सॅम्पल नाही, क्युवेटच्या बाहेरच्या अंगाला धरलेलं दव आहे. आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. शनिवारी-रविवारी एसी बंद, सोमवारी सकाळी दार उघडलं, आणि १५ अंशांची काच म्हणजे फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली. क्युवेट काढून बोटाने पुसली की आकडा खाली येतो का, ही सगळ्यात स्वस्त चाचणी. कायमचा इलाज म्हणजे होल्डरच्या डब्यात कोरड्या नायट्रोजनची बारीक धार सोडणं. बऱ्याच होल्डरना त्यासाठी नळी जोडायची जागा असते, आणि बऱ्याच लॅबमध्ये ती बूच लावून विसरलेली असते.

त्याच निमित्ताने आणखी एक करा. होल्डरच्या पडद्यावर १५ दिसतात ते धातूच्या ठोकळ्याचे. क्युवेटच्या आत बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडून बघा. न ढवळलेल्या द्रवात वर एक आणि खाली एक तापमान सापडेल. बीड नुसती मिसळायला नसते, त्यासाठीही असते.

मशीनचे आकडे तपासायला पोटॅशियम डायक्रोमेटचा तयार सील केलेला सेट घ्यायलाच हवा का? आमची लॅब लहान आहे, वागळे इस्टेटमध्ये. द्रावण घरीच बनवलं तर चालेल का? आणि सर्टिफिकेटची तारीख उलटून सहा महिने झाले तर फिल्टर टाकून द्यायचा का?
— लॅबमालक, ठाणे

बनवा ना. वर्षानुवर्षं आपण बनवतच आलो. डायक्रोमेट १३० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (आतली ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, ६० मिलिग्रॅमच्या आसपास अचूक वजन करा (५७ ते ६३ मध्ये काहीही चालेल, पण नेमकं किती ते लिहा) आणि ०.००५ मोलर सल्फ्युरिक आम्लात १ लिटर करा. ब्लँकला (शून्य धरायच्या कोऱ्या द्रावणाला) तेच आम्ल, पाणी नाही. ६० मिलिग्रॅम नेमके भरले तर २३५ ला साधारण ०.७५, २५७ ला ०.८७, ३१३ ला ०.२९ आणि ३५० ला ०.६४ यायला हवं.

या चार आकड्यांमध्ये एक गंमत आहे, जी ऑडिटचा फॉर्म भरणाऱ्या फार थोड्यांना दिसते. २५७ आणि ३५० ही शिखरं आहेत. २३५ आणि ३१३ या दऱ्या. तरंगलांबी डावीकडे सरको की उजवीकडे, शिखरावरचा आकडा घटणार आणि दरीतला वाढणार. म्हणून शिखरं कमी आणि दऱ्या जास्त आल्या तर वजनकाट्याला दोष देऊ नका, तरंगलांबी किंवा स्लिट बघा. चारही आकडे एकाच प्रमाणात कमी असतील तर मात्र तुमचं वजन, फ्लास्क नाहीतर न वाळलेलं डायक्रोमेट. मी चारही आकडे हातात आल्याशिवाय बॅगेची चेन उघडत नसे.

मग लोक सील केलेला सेट का घेतात? मापाच्या वंशावळीसाठी. तुम्ही बनवलेल्या द्रावणाचा बाप तुमचा वजनकाटा, आणि त्याचे कागद स्वच्छ असले तर बरेच ऑडिटर ते मान्य करतात. सेटबरोबर येणारं सर्टिफिकेट थेट राष्ट्रीय मापन संस्थेपर्यंत वंशावळ दाखवतं. भारतात हे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं. तिच्या देखरेखीखालच्या प्रमाणित पदार्थांना ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ म्हणतात. घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: बनवणारा आयएसओ १७०३४ खाली मान्यताप्राप्त आहे का, आणि फेरतपासणी भारतात होते की पेटी परदेशी पाठवावी लागते. दुसरं उत्तर ऐकून कधीकधी किंमत दुप्पट वाटते. आणि हो, सेटमधली द्रावणं परक्लोरिक आम्लातली असतात, तेव्हा त्यांना वरचे माझे आकडे लावू नका. घणसोलीच्या पत्रासारखंच होईल.

तारीख उलटली म्हणून फिल्टर टाकून द्यायचा नाही, फेरतपासणीला पाठवायचा. बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अवधी ठरलेला असतो. मधल्या काळात त्याला जपा. राखाडी काचेचे फिल्टर शर्टाच्या टोकाने पुसणारी माणसं मी पाहिलीत. त्या काचेवरचा एक ओरखडा पुढच्या प्रत्येक आकड्यात बसतो.

मोजून झालेलं डायक्रोमेट बेसिनमध्ये ओतू नका. सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि घातक कचऱ्याच्या गाडीतून पाठवा. आपल्या नाल्यांचं पाणी शेवटी ठाणे खाडीत जातं, आणि तिथे फ्लेमिंगो जेवायला येतात.

जास्त तीव्रतेच्या सॅम्पलला आमचा आलेख वाकतो. बिअरचा नियम (तीव्रता वाढते त्याच प्रमाणात ॲब्सॉर्बन्स वाढतो) मोडतो, असं ट्रेनी सांगतात. खरं का?
— महापे

बिअरवर आळ घेण्याआधी भटका प्रकाश, म्हणजे निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा, तपासा. पोटॅशियम क्लोराइडचं १.२ टक्के द्रावण १० मिलिमीटरच्या सेलमध्ये घ्या आणि १९८ नॅनोमीटरला पाण्यासमोर मोजा. आकडा २ च्या वर हवा. खाली आला तर प्रकाश कुठूनतरी चुकार मुलासारखा मागच्या दाराने डिटेक्टरपर्यंत पोचतोय. एक टक्का भटका प्रकाश असला तर खऱ्या २ च्या जागी मशीन १.७ दाखवतं, कमी तीव्रतेला हे जाणवत नाही, जास्तीला आलेख वाकतो. आपल्या पट्ट्यात आम्लाच्या वाफा आणि खाडीचा वारा दोन्ही आहेत; आतले आरसे आंधळे होतात. फ्यूमहूडशेजारी मशीन ठेवलं असेल तर ते हलवा. क्लोराइडचं द्रावण मात्र ताजं करा आणि सेल क्वार्ट्झचाच घ्या. काचेच्या सेलने या चाचणीला अर्थ राहत नाही, कारण १९८ चा प्रकाश काचच गिळते.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात जुना कलरीमीटर (रंगीत फिल्टर लावून शोषण मोजणारं साधं यंत्र) आहे. कॅलिब्रेशनचे फिल्टर घ्यायला पैसे मिळत नाहीत. काहीतरी स्वस्तातलं सांगा.
— प्रयोगशाळा सहायक, कळवा

कॉपर सल्फेटचं एक गडद द्रावण करा आणि त्याची निम्मी, पाव, अष्टमांश अशी पातळ द्रावणं करा. लाल फिल्टर लावून मोजा. आकडेही निम्मे, पाव, अष्टमांश आले तर कलरीमीटरचा हिशेब सरळ आहे. मुलांना त्यातून दोन तास शिकवता येतं. तरंगलांबी दाखवायची असेल तर जुनी पाऱ्याची ट्यूबलाइट आणि एखादी सीडी पुरते. सीडी तिरकी धरली की सलग रंगांच्या वर एक झळझळीत हिरवी रेघ दिसते: पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची. एलईडीच्या ट्यूबमध्ये ती दिसणार नाही, तेव्हा कॉलेजने सगळ्या ट्यूब बदलायच्या आत एक जुनी लॅबमध्ये लपवून ठेवा.

बीडचं पांढरं आवरण गुलाबी झालंय. धुऊन जातं का? आणि आमच्याकडे महिन्याला दोन-तीन बीड हरवतात, त्या जातात कुठे?
— तळोजा

रंग धरला असेल तर पातळ नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तरी गेला नाही तर ती बीड क्युवेटमध्ये घालू नका, बीकर ढवळायला ठेवा. पुढच्या सॅम्पलमध्ये तो रंग हळूच सोडते. नखाने कडा चाचपून बघा. टवका उडाला असेल तर सरळ फेका, आतल्या चुंबकातलं लोखंड आम्लात उतरतं आणि तुमच्या ब्लँकला पिवळट झाक येते. सगळ्या बीड एकाच डबीत ठेवल्या की त्या एकमेकींवर झेपावतात आणि असे टवके उडतात.

हरवलेल्या बीड बेसिनच्या बाटलीसापळ्यात आहेत. प्लंबर बोलावण्याआधी लांब दांडीला चुंबक बांधून आत घाला. रबाळ्याच्या एका लॅबमध्ये मी तसं केलं तेव्हा ११ बीड, एक स्पॅच्युला आणि कुणाची तरी केसांची पिन निघाली. पिन कुणी मागितली नाही.